आमच्या आळीचं गाऱ्हाणं

माझा थोरला भाऊ जन्मठेपेवर गेला तेव्हा मी शाळेत होते. त्याला सोडावं की नाही असं लोकांना विचारायची वेळ आली तेव्हा मी कारखान्यात स्वेटरच्या बाह्या शिवत होते. मधल्या वर्षांत आमच्या घरात त्याचं नाव फारसं निघालं नाही. आई त्याला नुसतं ‘तो’ म्हणायची आणि आळीतले लोक ‘तो तिकडचा’ म्हणायचे. तिकडे म्हणजे बो बासँच्या तुरुंगात, हे आमच्या पेती राफ्रे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

काय घडलं होतं ते आधीच सांगून टाकते, मागाहून काढत बसायला मला आवडत नाही. ऊसतोडीचे दिवस होते. एका लग्नघरी दुपारची जेवणं झाली, पुरुषांच्या पोटात रम गेली, आणि ढोलकीचं चामडं कुणी फाडलं यावरून माझ्या भावाचं आणि आमच्या समोरच्या घरातल्या माणसाचं जुंपलं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. उत्तरेकडच्या गावांत त्या माणसासारखी ढोलकी कुणी वाजवत नसे. भाऊ शेतातून थेट आलेला, कोयता सायकललाच बांधलेला. पुढचं काय सांगायचं? एक माणूस मेला. भावाला आधी फाशी झाली, मग वरून ती बदलून जन्मठेप झाली. समोरच्या घरात एक तरणी बाई आणि तिची दोन लेकरं राहिली. आम्ही तिला वहिनी म्हणायचो, नंतरही म्हणत राहिलो, पण तिच्या पाठीमागे. तोंडावर तिला हाक मारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. तिनं दारासमोर बांबूचं कुंपण लावलं आणि ते वाढेल तितकं वाढू दिलं.

आता आमच्या गाऱ्हाण्याबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन अडलं. आमचे पूर्वज कोकणातून या बेटावर ऊस तोडायला आले तेव्हा त्यांनी सोबत काय आणलं नि काय हरवलं, कोण जाणे. भाषा अर्धी विरली. माझ्या वयाची मुलं मराठीत सुरू झालेलं वाक्य इथल्या क्रेओल बोलीत संपवायची. पण गाऱ्हाणं राहिलं. गणपती समुद्राला न्यायच्या आधी आळीतला एक म्हातारा देवापुढे उभा राहतो, सगळ्यांच्या वतीनं एकेक मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तान्ही पोरं ‘आई’च्या मागोमाग हेच शिकतात. त्यात कुणी विचार करत नाही. जांभई आली की तोंड उघडतं, तसं म्हाताऱ्याचा ‘रे म्हाराजा’ आला की आमचं ‘व्हय म्हाराजा’ निघतं.

त्या वर्षी गणपतीच्या बरंच आधी तुरुंगाच्या वेल्फेअरचा साहेब आमच्या घरी आला. क्रेओल माणूस, सभ्य, हातात छत्री. आईनं त्याला चहा दिला. तो म्हणाला, तुमच्या मुलाची वागणूक चांगली आहे, वर विचार चालू आहे, पण तो जिथं परत जाणार त्या गावाचं मत काय, हे आम्हाला बघावं लागतं. मी गणपतीनंतर येईन आणि लोकांना भेटेन.

आईनं मला विचारलं, “गावाचं मत म्हंजे कुणाचं, ते इचार की.”

मी विचारलं. साहेब म्हणाला, “सगळ्यांचं.”

तो गेल्यावर आई बराच वेळ कप धूत बसली. माझं काय झालं तेही सांगते. भाऊ घरी यावा असं मला वाटलं आणि येऊ नये असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. व्हाक्वासहून एक चांगलं स्थळ आलं होतं आणि ‘त्या घरातली का?’ असं म्हणून परत गेलं होतं. तो परत आला असता तर मग माझ्या लग्नाचं नावच काढायला नको होतं. पण आई थकत चालली होती. त्याला या अंगणात एकदा भात वाढायचा एवढंच तिला हवं होतं. हे ती बोलली नाही. तिनं नवीन ताट आणलं आणि ते कुणाला वापरू दिलं नाही, त्यावरून मला कळलं.

लोकांची मतं म्हणाल तर ती फुकट मिळत होती. चिनी दुकानदाराच्या बाकावर संध्याकाळी पुरुष बसायचे, तिथं जन्मठेपेचा अर्थ रोज नव्यानं लागायचा. कुणी म्हणे, जन्मठेप म्हणजे हाडं निघेपर्यंत, नाहीतर नाव तरी कशाला तसं ठेवायचं? कुणी म्हणे, सरकारचा पाव खाऊन झाला तेवढा पुरे. मी मीठ घ्यायला आत शिरले की बाकावर एकदम पावसापाण्याच्या गोष्टी निघायच्या. कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी लालमती गावची एक मुलगी बसायची. स्वभावानं गोड, तिला माझ्या घरचं काही ठाऊक नव्हतं. रेडिओवर कुठल्यातरी कैद्याची बातमी लागली तेव्हा ती म्हणाली, “मेलेला येतो का परत? बे, ली ओसी पा बिझें सोर्ती.” मग यानंही बाहेर यायचं कारण नाही, असा तिचा हिशेब. मी खिडकीबाहेर ऊस बघत राहिले.

आई मात्र घरोघर गेली. तिच्यासोबत मीही गेले, कारण तिचे गुडघे दुखायचे. आणि काय सांगू, एकानंही नाही म्हटलं नाही. मागच्या दारी, चुलीपाशी, एकटे असले की सगळे मऊ. “काकी, आपलाच पोर तो. आमचं काय बी म्हणणं नाय. पण समोरचीचं बघाया हवं ना.” पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. प्रत्येकाचं मत चांगलं होतं आणि प्रत्येकाला भीती दुसऱ्याच्या मताची होती. समोरच्या घरी मात्र आई गेली नाही. कुंपणापर्यंत जायची, पदर सारखा करायची आणि परत फिरायची.

शेवटी ती गाऱ्हाणं घालणाऱ्या आजाकडे गेली. आजा सगळ्या आळीचे आजा होते, साखरेच्या गिरणीतून निवृत्त झालेले, आवाज अजून खणखणीत.

“आजा, एकच मागणं. माझ्यासाठी घाला,” आई म्हणाली.

आजांनी डोकं खाजवलं. “लोकांना इचारलंस, बाय?”

“समदे व्हय म्हणतात. एकेकटे.”

“मग देवाला सांगाया काय जातंय? देव काय साहेब हाय?” आजा म्हणाले. आईच्या तोंडावर मी तसला उजेड फार वर्षांनी पाहिला.

गणपतीच्या दिवसात आमच्याकडे हवा थंड आणि कोरडी असते, वारा समुद्रावरून येतो, आणि जाळलेल्या उसाच्या पानांची काळी भुकटी मांडवाच्या पत्र्यावर, आरतीच्या ताटात, सगळीकडे पडते. दुपारी मूर्ती हलवायच्या आधी सगळे पत्र्याखाली जमले. वहिनी पुढं होती, हातात मोदकांचं ताट. आजा उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, वाडवडील काळं पाणी वलांडून हितं आले, तवापास्नं तू पाठीशी हायस, तसाच ऱ्हा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वादळवाऱ्यातनं ऊस राख, छप्पर राख रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जे कोण कामाला पोर्ट लुईला जातात, त्यांना सांजच्याला घरी आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जे कोण इस्पितळात पडलेत, त्यांना घरी आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जो कोण बो बासँला भिंतीआड हाय, त्याला घरी आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पत्रा दणाणला. सगळे ओरडले होते, बाकावरचे पुरुष, चुलीपाशी मऊ झालेल्या बाया, पोरंटोरं, मी. आणि वहिनी. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, कारण तो सगळ्यात वरच्या पट्टीत असायचा. मग लोकांना काय बोललो ते कळायला लागलं, एकेकाला, पुढून मागं. आजांनी घाईनं पुढचं मागणं घातलं, त्याला चारदोन आवाज आले. वहिनीनं ताट खाली ठेवलं आणि उजव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. पुन्हा मारलं. कुणीतरी तिचा हात धरला. त्या वर्षी ग्राँ गोबच्या समुद्रापर्यंत आम्ही मूर्ती नेली ती मुकाट, ढोलकी नाही की गाणं नाही.

मला आईचा राग आला. घरी येऊन मी तिला म्हटलं, “समोरचीच्या तोंडून ते वदवून घेतलंस?” आई म्हणाली, “मला काय ठावं, ती बी म्हणंल. मला वाटलं, तेवढ्याला ती गप ऱ्हाईल.” आणि ती रडली. वहिनी अख्खी जिंदगी त्या मागण्यांना व्हय म्हणत आली होती, ती त्याच एका ठिकाणी गप्प कशी राहणार होती? पण आईनं खरोखर तसंच धरलं होतं. ती लबाड नव्हती.

आळी पेटली. पुढच्या रविवारी पत्र्याखाली सभा झाली. फसवून घेतलेलं व्हय देवाला चालत नाही, असं टपालखात्यातला एक कारकून म्हणाला. दुसरा म्हणाला, चालतं, म्हणून तर भीती आहे, ते मागं घेतलं पाहिजे. देवाजवळ आपण त्याला मागितलाय, आता तो येणार, असं लोकांना खरंच वाटत होतं. साहेबाच्या कागदापेक्षा त्यांना त्या व्हयची धास्ती जास्त होती. चुलीपाशी आपलाच पोर म्हणणारे सगळे तिथं बसले होते आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

वहिनीला बोलावलं. तिला विचारलं, तुझ्यासाठी आम्ही शब्द मागं घेतो, चालेल ना?

ती उभीच राहिली. म्हणाली, “मी बोलले ते बोलले. तोंडातनं गेलं. मागं घ्याया मला येत नाय. त्याला आणा म्हणत नाय, नको बी म्हणत नाय. मला यात धरू नका.”

“ती बोलू शकत नाय, तिच्यासाठी आपण बोललं पायजे,” कारकून म्हणाला.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, “ती आत्ताच बोलली की! तुम्ही ऐकलं नाय काय?”

“तू गप बस, पोरी. तुझ्या घरचं हाय ते,” मागून कुणीतरी म्हणालं. आणि ते खरंच होतं.

मग आजांना उभं केलं. बिचाऱ्यांचा आवाज त्या दिवशी खणखणीत नव्हता. “ज्याच्या हातनं या आळीत रगत सांडलं, त्याचं पाऊल परत हितं पडू देऊ नको रे म्हाराजा!” व्हय म्हाराजा, असा जोराचा आवाज मी आमच्या आळीत कधी ऐकला नव्हता. माझ्याखेरीज आणखी दोघी बोलल्या नाहीत. वहिनी पत्र्याच्या खांबाला टेकून उभी होती आणि आई जमिनीवर, हात जोडून. सगळे उठले तरी आई उठेना. मी तिला काखेत हात घालून उठवलं.

साहेब ठरल्याप्रमाणे आला. दारोदार फिरला. प्रत्येकानं त्याला खुर्ची दिली आणि प्रत्येकानं सांगितलं की माझं स्वतःचं काही म्हणणं नाही, पण गावाचं ठरलंय. वहिनीनं दारातच सांगितलं, “मो फिनी कोझे, मिस्ये.” माझं बोलून झालंय. त्याला ते उमगलं नाही, म्हणून तो मला विचारायला आला. मी त्याला गाऱ्हाणं समजावलं, पहिलं आणि दुसरं. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी कपाळ चोळत म्हणाला, “हे मी कागदात कुठं घालू?” भला माणूस होता. पण गावाचं मत विरुद्ध आहे एवढंच वर गेलं, आणि तेवढं पुरलं.

आम्ही बो बासँला भेटायला जायचो तेव्हा भावाच्या आणि आमच्या मध्ये जाळी असायची. त्या खेपेला गेलो तेव्हा त्याला नकार कळला होता. गणपती कसा झाला, ते विचारत होता. म्हणाला, “आई, मी हितं दर साली गाऱ्हाणं घालतो. समदं पाठ हाय. आजांचं बी मीच म्हणतो, आन् समद्यांचं व्हय बी मीच म्हणतो.” मग त्यानं विचारलं, “ढोलकी कोण वाजवतो आता?” आईनं कपाळ जाळीला टेकवलं. मी म्हटलं, “कुणी नाही.” आळीत काय झालं ते त्याला सांगायचं नाही, असं आईनं मला बसमध्येच बजावलं होतं, आणि मी ते पाळलं.

आई दोन पावसाळ्यांनी गेली. नवीन ताट तसंच कोरं राहिलं. ती गेल्याचं मी भावाला त्याच जाळीतून सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” मग पहारेकऱ्याला म्हणाला, मला आत न्या. भेटीचा वेळ अजून बराच उरला होता.

आजा वारले. गाऱ्हाणं त्यांच्या मुलाकडे आलं, तो बसवर कंडक्टर होता. बापाचं ऐकून ऐकून त्यानं सगळं तोंडपाठ केलेलं. आणि त्यात ती ओळही होती. एकदा मागं घेण्यासाठी म्हणून घातलेली, पण पुढच्या वर्षी आजांना ती वगळायचं धाडस झालं नाही, मग तिसऱ्या वर्षी ती नेहमीची झाली. वादळ, ऊस, इस्पितळ, आणि मग रक्त सांडणारा. लहान मुलांना वाटायचं, ही पूर्वजांनी बोटीतून आणलेली ओळ. लोक व्हय म्हाराजा म्हणायचे आणि मोदकांकडे बघायचे. मी म्हणत नव्हते, पण मी म्हणते की नाही हे बघायला कुणाला वेळ होता?

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं आणि एका दुपारी भाऊ दारात उभा राहिला, हातात पिशवी, केस पांढरे. या वेळी गावाला कुणी विचारलं नव्हतं. वर काहीतरी बदललं होतं, त्याला सोडलं आणि बसभाडं दिलं. मी त्याला आईनं आणलेल्या त्या नव्या ताटात वाढलं. तो जेवला आणि ताट त्यानंच धुतलं. आळीतल्या लोकांनी दुरून मान हलवली. दुकानाच्या बाकावर त्याला जागाही दिली, पण तो बसला की बाकीच्यांना घरची कामं आठवायची. समोरचं कुंपण हललं नाही. मी मनात म्हटलं, एवढं तर एवढं. गणपती जवळ आले होते, आणि मला त्या ओळीची आठवणच झाली नाही. तिचा अर्थ माझ्यासाठीही झिजला होता, दुसरं काय?

त्या दिवशी तो पत्र्याबाहेर, सगळ्यांच्या मागं उभा होता, चपला काढून. कंडक्टरनं सुरुवात केली. वाडवडील झाले, वादळ झालं, पोर्ट लुईला जाणारे झाले. माझ्या मागून भावाचा आवाज येत होता, भरदार, कित्येक वर्षं एकट्यानं सगळ्यांचं म्हणून म्हणून पक्का झालेला. इस्पितळ झालं. कंडक्टर त्याच ठेक्यात पुढं गेला.

“ज्याच्या हातनं या आळीत रगत सांडलं, त्याचं पाऊल परत हितं पडू देऊ नको रे म्हाराजा!”

इतक्या वर्षांत ती ओळ पहिल्यांदा लोकांना ऐकू आली. सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या. कंडक्टरचं तोंड उघडंच राहिलं. आणि त्या शांततेत मागून एकट्याचा आवाज आला, मोठा, श्रद्धेचा:

“व्हय म्हाराजा!”

कुणी मागं वळेना. मग वहिनी वळली. तीही पांढरी झाली होती. गर्दीतून वाट काढत ती त्याच्यासमोर गेली. मला वाटलं, आता ती त्याला मारणार. ती म्हणाली, “तुला कुणी म्हणाया सांगितलं रे?”

त्याला तोवर कळलं होतं. त्यानं चपला पायात घातल्या. म्हणाला, “सवय, वहिनी.”

त्यापलीकडे ती दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत. आम्ही मूर्ती समुद्राला नेली तेव्हा तो घरी गेला, आणि सकाळी पिशवी घेऊन निघाला. मी दार अडवलं, भांडले, ओरडले, म्हटलं, चुकून निघालेल्या शब्दाचं काय धरतोस? तो म्हणाला, “समदे गप होते. मीच म्हटलं.” मला त्याचा इतका राग आला की मी त्याला बसपर्यंत सोडायला गेले नाही.

तो पोर्ट लुईला बाजारात गोणी उचलतो, मागेच एका खोलीत राहतो. मी सुट्टीच्या दिवशी डबा नेते. पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर त्यानं मला विचारलं, “ती ओळ हाय अजून?”

“काढली,” मी म्हटलं. “कुणी काही बोललं नाही, कंडक्टरनं आपणच काढली.”

“मग तितं काय म्हणतो?”

“काही नाही. तिथं येऊन तो श्वास घेतो, आणि मग पुढं जातो.”

“आन् लोकं?”

मी डब्याचं झाकण लावत होते. “लोक व्हय म्हाराजा म्हणतात,” मी म्हटलं.

तो मान हलवत हसला, आणि मी डबा तिथंच टाकून बाहेर येऊन रडले.